सोमवारी सकाळी दहाला गेलेली वीज

5 जानेवारी 1928 रोजी कुलाबा ते बोरीवली या मार्गावर विजेची लोकल सुरू झाली. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या विजेच्या तारांचं टोक तेव्हा बोरीवली होतं. विरारला त्या पोचल्या 1936 मध्ये. टाटांनी सह्याद्रीतलं पाणी अडवून 1915 मध्ये खोपोलीला वीजनिर्मिती सुरू केली होती. 1922 मध्ये भिवपुरी आणि 1927 मध्ये भिरा ही केंद्रं तिला जोडली गेली. ही वीज आधी गिरण्यांना मिळाली, मग रेल्वेला. घराघरांत दिवे लावण्यासाठी 1929 मध्ये बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय स्थापन झाली. जुनी माणसं तिला अजून ‘बीएसईएस’ म्हणतात. पुढे ती रिलायन्सकडे गेली आणि ऑगस्ट 2018 मध्ये अदानींकडे. बिलावरची नावं बदलत गेली, पण लोकल, पाण्याचा पंप, लिफ्ट, दवाखाना असं उपनगराचं सगळं जगणं त्याच तारेला लटकत गेलं.

या तारांवर हुकूमत कोणाची, हा प्रश्न नव्वद वर्षं सामान्य माणसाला पडला नव्हता. तो 12 ऑक्टोबर 2020 रोजी पडला.

तो सोमवार

सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या मोठ्या भागातली वीज एकाच वेळी गेली. दोन हजारांहून अधिक मेगावॅटची मागणी काही मिनिटांत कोसळली. चर्चगेटपासून विरारपर्यंत आणि मध्य रेल्वेवरही लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. कोरोनाचे दिवस होते. लोकलमध्ये तेव्हा अत्यावश्यक सेवेतल्या लोकांनाच प्रवेश होता. म्हणजे अडकले ते परिचारिका, वॉर्डबॉय, पालिका कर्मचारी, बँकेतले लोक. घरून काम करणाऱ्यांचे राउटर बंद पडले. मुंबई विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. बोरीवलीच्या शेजारी दहिसरला जंबो कोविड केंद्र उभं होतं, शहरभर शेकडो रुग्ण ऑक्सिजनवर आणि व्हेंटिलेटरवर होते. अतिदक्षता विभागातली यंत्रं बंद पडू नयेत म्हणून रुग्णालयांनी जनरेटरसाठी किमान आठ तासांचं डिझेल हाताशी ठेवावं, असा आदेश महापालिका आयुक्तांनी दिला. शेअर बाजार आपल्या पर्यायी यंत्रणेवर चालू राहिले. बंद पडलेल्या शहरात शेअरचे भाव मात्र हलत होते.

लोकल दुपारपर्यंत हळूहळू सुरू झाल्या. काही उपनगरांत दिवे संध्याकाळी आले, काही ठिकाणी त्याहून उशिरा. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी चौकशीचा आदेश दिला. ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी त्याच दिवशी पहिलं स्पष्टीकरण दिलं: राज्याच्या वीजवहन कंपनीच्या, महापारेषणच्या, 400 केव्ही कळवा-पडघा केंद्रात सर्किट 1 देखभालीसाठी बंद होतं, सगळा भार सर्किट 2 वर होता आणि सर्किट 2 मध्ये बिघाड झाला.

पण एक वाहिनी पडली म्हणून अख्खी मुंबई बंद पडावी, हे घडायला नको होतं. तशी सोय शहराने चाळीस वर्षांपूर्वीच करून ठेवली होती.

मुंबईचं बेट

विजेचा मोठा साठा सहज करून ठेवता येत नाही. ज्या क्षणी जेवढी मागणी, त्या क्षणी तेवढीच निर्मिती हवी. दोन्ही जुळले की जाळ्याची वारंवारता 50 हर्ट्‌झच्या आसपास राहते. निर्मिती कमी पडली की वारंवारता घसरते, आणि ठरलेल्या मर्यादेखाली गेली की जनित्रं स्वतःला वाचवण्यासाठी ट्रिप होतात. मग उरलेल्यांवरचा भार वाढतो आणि तीही जातात. 30 आणि 31 जुलै 2012 ला उत्तर भारतात हेच झालं. दुसऱ्या दिवशी साठ कोटींहून अधिक लोकांचा वीजपुरवठा खंडित झाला होता. पश्चिमेचं जाळं त्या दोन्ही दिवशी टिकून राहिलं.

मुंबईसाठी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला खास बेत आखला गेला. बाहेरच्या जाळ्यात गडबड झाली की रिले आपोआप बाहेरचे ब्रेकर उघडतील आणि मुंबई वेगळी होईल. तंत्रज्ञांच्या भाषेत हे ‘आयलंडिंग’, म्हणजे शहराचं बेट करणं. ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र, घाटातली जलविद्युत केंद्रं आणि पुढे डहाणूचं 500 मेगावॅटचं केंद्र यांच्या बळावर बेटाने आपला महत्त्वाचा भार उचलायचा. बाकीचे फीडर त्याच क्षणी तोडायचे. इतर महानगरांना हेवा वाटावा अशी ही व्यवस्था होती.

12 ऑक्टोबरला हे बेट टिकलं नाही. बाहेरून वीज आणणाऱ्या उच्चदाब वाहिन्या एकामागून एक बाद झाल्या, उरलेल्यांवर झेपणार नाही एवढा भार आला, आणि वेगळी झालेली मुंबई स्वतःच्या निर्मितीवर तग धरू शकली नाही. शहराची मागणी वर्षागणिक वाढली होती, शहरातली निर्मिती त्या मानाने वाढली नव्हती, आणि बाहेरून वीज आत आणणारे रस्ते मोजकेच होते. अदानी इलेक्ट्रिसिटीने त्या दुपारी सांगितलं की डहाणूतून सुमारे 385 मेगावॅट वीज अत्यावश्यक सेवांसाठी शहराला दिली जात आहे. डहाणूहून निघणाऱ्या 220 केव्हीच्या वाहिन्या वर्सोवा आणि घोडबंदरच्या उपकेंद्रांपर्यंत येतात. पश्चिम उपनगरांना त्या दिवशी या वाहिन्यांची खरी किंमत कळली.

संशय

हे सगळं अभियंत्यांच्या बैठकीत राहिलं असतं. पण काळ वेगळा होता. 15 जूनच्या रात्री गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले 20 जवान धारातीर्थी पडले होते. नोव्हेंबरमध्ये वर्तमानपत्रांत बातम्या येऊ लागल्या की मुंबईची वीज जाण्यामागे घातपात असावा, राज्याची सायबर तपास यंत्रणा, महाराष्ट्र सायबर, तपास करत आहे.

हा संशय हवेतला नव्हता. 23 डिसेंबर 2015 ला युक्रेनमध्ये हे घडून गेलं होतं. तिथल्या तीन वीज वितरण कंपन्यांच्या नियंत्रण कक्षांत बसलेल्या ऑपरेटरांनी आपल्या पडद्यावरचा माउस आपोआप सरकताना पाहिला. हात कोणाचाही नाही, आणि एकेक ब्रेकर उघडतो आहे. सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. ती काही तासांत परत आली, कारण कर्मचारी गाड्या घेऊन उपकेंद्रांत धावले आणि त्यांनी ब्रेकर हाताने पुन्हा जोडले.

आपल्याकडेही पूर्वखुणा होत्या. मे 1998 मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या, आणि पुढच्याच महिन्यात ‘मिलवर्म’ नावाच्या गटातली परदेशी पोरं ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत शिरली. त्यांनी ईमेल पळवल्या आणि संकेतस्थळावर आपला निषेध लिहून ठेवला. 27 जून 2017 ला युक्रेनमधल्या करविषयक सॉफ्टवेअरमधून सुटलेल्या ‘नॉटपेट्या’ने जगभर थैमान घातलं, तेव्हा न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं आणि कंटेनरांचा हिशेब हाताने ठेवावा लागला. 11 ऑगस्ट 2018 ला पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत घुसून चोरांनी 28 देशांतून पैसे काढले; दोन दिवसांनी परदेशी हस्तांतराच्या यंत्रणेतूनही रक्कम वळवली, आणि एकूण 94 कोटींहून अधिक रुपये गेले. ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनने मान्य केलं की कुडनकुलम प्रकल्पाच्या प्रशासकीय जाळ्याशी जोडलेल्या एका संगणकात मालवेअर सापडलं होतं. अणुभट्टीचं नियंत्रण त्या जाळ्यापासून वेगळं असल्यामुळे सुरक्षित होतं.

या शेवटच्या वाक्यात या विषयाचं मर्म आहे. वीज कंपनीत संगणकांची दोन जगं असतात. एक कार्यालयाचं: ईमेल, बिलं, पगार, निविदा. दुसरं नियंत्रणाचं, ज्याला ‘स्काडा’ म्हणतात. उपकेंद्रातल्या उपकरणांची माहिती क्षणाक्षणाला भार प्रेषण केंद्राच्या भिंतीएवढ्या पडद्यावर येते. ब्रेकर बंद असेल, म्हणजे वीज वाहत असेल, तर खूण लाल. उघडला तर हिरवी. त्या पडद्यापुढे पाळीवर बसलेला अभियंता फोनवरून शटडाऊन देतो, भार कमी करायला सांगतो, वाहिनी पुन्हा चार्ज करायची परवानगी देतो. राज्यासाठी हे काम ऐरोलीच्या केंद्रातून चालतं. पश्चिम भारतासाठी अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीतल्या पश्चिम क्षेत्रीय भार प्रेषण केंद्रातून. कार्यालयाच्या जगात विषाणू शिरणं हा उपद्रव असतो. तो नियंत्रणाच्या जगात पोचला, तर शहराची कळ परक्या हातात जाते.

तीन दिवस, तीन उत्तरं

28 फेब्रुवारी 2021 ला ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बातमी छापली. तिचा आधार होता ‘रेकॉर्डेड फ्यूचर’ या अमेरिकी कंपनीचा अहवाल. चीनशी संबंधित एका गटाने, ज्याला कंपनीने ‘रेडइको’ असं नाव दिलं होतं, भारताच्या वीज क्षेत्रातल्या दहा संस्थांना आणि दोन बंदरांना लक्ष्य केल्याचं त्यात म्हटलं होतं. पाचपैकी चार क्षेत्रीय भार प्रेषण केंद्रं या यादीत होती. त्यात अंधेरीचं केंद्र होतं, आणि बंदरांत मुंबई पोर्ट ट्रस्ट. ‘शॅडोपॅड’ हे त्यांनी वापरलेलं मालवेअर. पण मुंबईतला 12 ऑक्टोबरचा बिघाड याच घुसखोरीमुळे झाला, याला पुष्टी मिळालेली नाही, असं त्याच अहवालात स्पष्ट लिहिलं होतं. बातम्यांच्या मथळ्यांत हे वाक्य हरवलं.

1 मार्चला राज्याचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरचा प्राथमिक अहवाल मांडला. वीज मंडळाच्या यंत्रणेत 14 ट्रोजन हॉर्स सोडले गेले असावेत, परदेशी सर्व्हरवरून 8 जीबी बेहिशेबी डेटा आला असावा, काळ्या यादीतल्या पत्त्यांवरून लॉग-इन करण्याचे प्रयत्न झाले असावेत, असं त्यात होतं. त्याच दिवशी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने सांगितलं की ‘शॅडोपॅड’बद्दलचा इशारा सायबर घटना हाताळणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने 19 नोव्हेंबर 2020 ला दिला होता, ‘रेडइको’बद्दलचा कळीच्या यंत्रणांसाठीच्या एनसीआयआयपीसी या केंद्रीय संस्थेने 12 फेब्रुवारी 2021 ला; दोन्ही वेळा उपाय केले गेले आणि जाळं चालवण्याच्या कामावर कसलाही परिणाम झाला नाही. 2 मार्चला केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले की मुंबईतली वीज मानवी चुकीमुळे गेली. सायबर हल्ल्याचे प्रयत्न झाले, पण त्यांचा या बिघाडाशी संबंध नाही.

ही विधानं शांतपणे शेजारी ठेवली, तर ती एकमेकांना खोटं ठरवत नाहीत. संगणकांत मालवेअर असणं ही एक गोष्ट, आणि त्या मालवेअरने ब्रेकर उघडणं ही दुसरी. रात्री घराची मागची भिंत पडली आणि सकाळी अंगणात परक्या पावलांचे ठसे दिसले, तर चोर आला होता एवढंच सिद्ध होतं. भिंत त्याने पाडली की ती मुळातच पोखरलेली होती, हे भिंत तपासूनच कळतं. मुंबईची भिंत पोखरलेली होती याचे पुरावे ढळढळीत होते: बंद वाहिन्या, वाढलेला भार, शहरातली अपुरी निर्मिती, न टिकलेलं बेट. मालवेअरने हात लावल्याचा असा कोणताही पुरावा लोकांसमोर आला नाही. मला केंद्राचं म्हणणं पटतं.

तरी प्रश्न संपत नाही. राज्यात महाविकास आघाडी, केंद्रात भाजप. त्या आठवड्यात विजेचा प्रश्न राजकारणाचा झाला. राज्याने घातपाताचा संशय मांडला, केंद्राने तो फेटाळला, आणि ज्यांची वीज गेली त्या लोकांपुढे दोघांच्या सहीचा एक तांत्रिक निष्कर्ष आला नाही. बोरीवलीत किंवा मुलुंडमध्ये आज कोणालाही विचारा, त्या दिवशी काय झालं होतं? निम्मे ‘चीन’ म्हणतील, निम्मे ‘लाइन ट्रिप झाली’ म्हणतील. शत्रूला याहून जास्त काय हवं? त्याने काही केलं नसतानाही त्याचा धाक बसला.

कागदावरचं संरक्षण

कायद्याच्या बाजूने देश तोपर्यंत बराच पुढे आला होता. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या कलम 70 नुसार सरकार एखादी संगणक यंत्रणा ‘संरक्षित’ म्हणून घोषित करू शकतं. तिथे विनापरवाना शिरणं हा दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. 2008 च्या दुरुस्तीने याला दोन संस्थांचं पाठबळ दिलं: घटनांना तोंड देणारी सर्ट-इन, जी 2004 पासून काम करत होती, आणि वीज, बँका, दूरसंचार, वाहतूक अशा कळीच्या यंत्रणांसाठी 2014 मध्ये स्थापन झालेली एनसीआयआयपीसी. 2 जुलै 2013 ला पहिलं राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरण जाहीर झालं.

ते धोरण यूपीआयच्या आधीच्या जगातलं होतं. 15 ऑगस्ट 2020 ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी सांगितलं की नवं धोरण लवकरच येईल. राष्ट्रीय सायबर सुरक्षा समन्वयक लेफ्टनंट जनरल राजेश पंत यांच्या कार्यालयाने त्याचा मसुदा तयार केला. त्या भाषणानंतर दोन महिने उलटायच्या आत मुंबईची वीज गेली. नव्या धोरणाची वाट त्यानंतरही वर्षानुवर्षं पाहावी लागली.

मात्र तुकड्यातुकड्याने काम झालं आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. ऑक्टोबर 2021 मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने वीज क्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं काढली. नियंत्रणाची यंत्रणा इंटरनेटला जोडलेल्या कोणत्याही यंत्रणेपासून पूर्ण अलग ठेवा, उपकरणं विश्वासू पुरवठादारांकडूनच घ्या, प्रत्येक संस्थेत माहिती सुरक्षेचा जबाबदार अधिकारी नेमा, नियमित तपासणी करा. 28 एप्रिल 2022 च्या आदेशाने सर्ट-इनने ठरावीक प्रकारच्या सायबर घटना सहा तासांत कळवणं बंधनकारक केलं. जून 2022 मध्ये यूपीआय चालवणारी एनपीसीआय आणि मोठ्या खासगी बँकांच्या यंत्रणा ‘संरक्षित’ ठरल्या. राज्याने 2023 मध्ये 837 कोटी रुपयांचा सायबर सुरक्षा प्रकल्प मंजूर केला.

विजेच्या तारांचंही काम झालं. 27 फेब्रुवारी 2022 ला मुलुंड-ट्रॉम्बे वाहिनी ट्रिप होऊन दक्षिण आणि मध्य मुंबईतले दिवे पुन्हा गेले होते. हा धडा दुसऱ्यांदा गिरवावा लागला. ऑक्टोबर 2023 मध्ये खारघर-विक्रोळी वाहिनी आणि विक्रोळीचं 400 केव्हीचं उपकेंद्र सुरू झालं, त्यामुळे शहरात आणखी सुमारे 1000 मेगावॅट आणण्याची सोय झाली. कुडूसहून आरेपर्यंत उच्चदाब एकदिश वाहिनीचा तेवढ्याच क्षमतेचा प्रकल्पही हाती घेतला गेला. शहरात वीज आणायला पर्यायी वाट असणं ही सायबर संरक्षणाचीच बाब आहे. हल्ला असो वा अपघात, एक दार बंद झालं तरी दुसरं उघडं असलं की शहर वाचतं.

मे 2025 मध्ये, पाकिस्तानविरुद्धच्या ऑपरेशन सिंदूरच्या काळात, महाराष्ट्र सायबरने सांगितलं की सात गटांनी देशावर 15 लाखांहून अधिक सायबर हल्ले केले आणि त्यांतले 150 यशस्वी झाले. मुंबई विमानतळाच्या आणि निवडणूक आयोगाच्या यंत्रणेत घुसल्याचे दावे खोटे असल्याचंही त्याच वेळी जाहीर केलं. काय खरं आणि काय खोटं हे त्याच आठवड्यात, आकडे देऊन, सांगितलं गेलं. 2020 मध्ये मुंबईला नेमकं हेच मिळालं नव्हतं.

म्हणून 12 ऑक्टोबरच्या इतिहासातून मला तीन मागण्या निघताना दिसतात. नियंत्रणाचं जग इंटरनेटपासून अलग ठेवण्याचा नियम कागदावर आहे. तो पाळला जातो की नाही याची तपासणी त्रयस्थाने करावी आणि तिचा निकाल वीज नियामक आयोगापुढे यावा. पडदा काळा झाला तरी उपकेंद्र हाताने चालवता येईल असे तंत्रज्ञ प्रत्येक पाळीत असावेत, आणि त्याचा सराव ठरावीक काळाने व्हावा. युक्रेनचे दिवे अशाच हातांनी परत लावले. आणि मोठ्या बिघाडानंतर केंद्र व राज्याची संयुक्त तांत्रिक समिती नेमून, गुप्त भाग वगळून, तिचा अहवाल नव्वद दिवसांत लोकांपुढे ठेवण्याचं कायदेशीर बंधन असावं. पहिल्या दोन मागण्यांना पैसा आणि शिस्त लागेल. तिसरीला फक्त सरकारची तयारी लागेल, आणि ती आज, पुढचा बिघाड होण्याआधी, दाखवता येते.